बिनचिठ्ठीचा

मी बोलतोय खरा, पण मी दगड आहे हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. एखाद्याला काही उमगलं नाही की तुम्ही माणसं म्हणता, "अगदीच दगड आहे." ऐकून वाईट वाटतं. आम्हाला उमगतं पुष्कळ. तोंड तेवढं नाही.

रस्त्यावरचा दगड मात्र समजू नका. मी कॅल्साइटचा स्फटिक आहे. रंग मधासारखा, उंची वितीपेक्षा थोडी कमी, खाली काळ्या कातळाची बैठक. अंगावर बारीक पांढरे कण आहेत, जणू कुणी साखर भुरभुरवली असावी. जाणकार मला 'नमुना' म्हणतात.

माझा जन्म जमिनीखाली नव्वद मीटरवर झाला. काळ्या कातळात एक पोकळी होती. त्यात कोमट पाणी झिरपायचं आणि त्या पाण्यातला कण कण घेत मी वाढलो. किती काळ लागला ते विचारू नका. मोजायला तिथं दिवस नव्हता आणि रात्रही नव्हती. वर केव्हा तरी शहर वसलं, पसरलं, लाखो माणसं माझ्या डोक्यावरून रोज कामाला जाऊ लागली. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नव्वद मीटर कातळ म्हणजे भलतीच जाड रजई.

मग कातळ थरथरायला लागला.

शहराला पाणी पुरत नव्हतं. म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी न्यायला जमिनीखालून भुयार खोदत होते. सुरुंग उडवायचा, धूर निवळू द्यायचा, राडारोडा उपसायचा, छताला लोखंडी टेकू द्यायचे, की पुन्हा पुढचा सुरुंग. रोज जेमतेम दोन मीटर. माझ्यापर्यंत पोचायला त्यांना नऊ वर्षं लागली.

त्या भुयारात एक पंपवाला होता. कातळातून सतत पाणी गळायचं, ते उपसून वर टाकायचं हे त्याचं काम. माणूस आडव्या बांध्याचा, गुडघ्यानं अधू, बोलायला कमी. पण एक नाद होता. सुरुंगानंतर राडारोड्यात चमकणारं काही दिसलं की तो उचलायचा, पंपाच्या नळीखाली धुवायचा आणि डब्याच्या पिशवीत टाकून घरी न्यायचा. सुरुवात एका गारगोटीपासून झाली. ती मुकादमाच्या बुटाखाली येऊन फुटली आणि आतून एकात एक निळसर कडी निघाली. पंपवाला म्हणे त्या दिवशी जेवायचा विसरला.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, दुकानदारांचे शर्ट. ती नवऱ्याला म्हणायची, "तुम्ही रोज डबा नेता आणि दगड आणता. एक दिवस चुकून दगडच ताटात वाढला जाईल, मग माझ्या नावानं ओरडू नका." म्हणायची, पण प्रत्येक नमुन्याच्या मापाची मखमलीची छोटी गादी तीच शिवायची, गिऱ्हाइकांच्या पडद्यांतून उरलेल्या कापडाची.

नमुने ठेवायला त्यानं एक कपाट आणलं होतं. ते एका बंद पडलेल्या छापखान्यातलं. त्यात पूर्वी अक्षरांचे खिळे ठेवत. एकोणीस उथळ खण. प्रत्येक खणात गाद्या, गाद्यांवर दगड आणि दगडाशेजारी चिठ्ठी. चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, दगडाचं नाव, खोली. शेवटची ओळ असायची, 'वर' अशी. म्हणजे तो दगड निघाला त्याच्या नेमकं वर शहरात काय आहे ते. भुयारातल्या मोजणीदाराला विचारून तो ते लिहायचा. 'वर : मोठं रुग्णालय, प्रसूती विभाग.' 'वर : कापडबाजार, मधली गल्ली.' 'वर : स्मशानाची भिंत.'

रविवारी नवरा-बायको फिरायला निघायचे. बाजाराच्या गर्दीत तो एकदम थांबायचा आणि म्हणायचा, "आपण आत्ता बावीस नंबरवर उभे आहोत." ती म्हणायची, "बरं, हळू पाय टाकते." हे सगळं मला नंतर कपाटातल्या शेजाऱ्यांकडून, त्या घरात होणाऱ्या बोलण्यांतून कळलं. मी त्या घरात आलो तेव्हा रविवारचं फिरणं संपलेलं होतं.

ते का संपलं, तेच सांगायचंय.

पंपवाल्याच्या बायकोला एक धाकटा भाऊ होता. तोही त्याच भुयारात, ड्रिल चालवायला. वय बत्तीस-तेहेतीस. अंगानं इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणत. मुकादम म्हणायचा, "ड्रिल काडीला चालवतं की काडी ड्रिलला, कळत नाही." लग्नाचं बघणं चालू होतं. तो आईबरोबर बहिणीच्या घरामागच्याच गल्लीत राहायचा. घरात शिजेल ते आधी बहिणीकडं पोचवायचा आणि तिथंच जेवून यायचा.

आपल्या भाऊजींच्या दगडांचं काडीला अप्रूप होतं. पंपवाल्याच्या खिशात एक जुनं, कव्हर गेलेलं खनिजांचं पुस्तक असायचं. काडी ते उलटंपालटं करायचा आणि नावं चुकीची म्हणून दाखवायचा. कपाटातले निम्मे चांगले नमुने त्यानंच काढलेले. जिथं दुसऱ्याचा हात जात नाही तिथं काडीचं अख्खं अंग जायचं.

एके सकाळी सुरुंग उडाला आणि माझ्या पोकळीची एक भिंत गेली.

पहिल्यांदा उजेड पाहिला तो टॉर्चचा. उजेड म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. तो अंगात शिरला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला, आणि मला पहिल्यांदा कळलं की मला रंग आहे. टॉर्चमागून आवाज आला, "भाऊजी, आत साखरेचं दुकान आहे."

पंपवाला लंगडत आला. फटीतून त्यानं मला पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. त्या नजरेचं मी काय सांगू? आजवर मला कुणी पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं तर असं.

मुकादमानं मात्र सगळ्यांना बजावून ठेवलेलं होतं. पुढचे टेकू जेवणानंतर लागणार, तोवर शेवटच्या टेकूच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. पोकळीची काळजी करायची नाही, ती संध्याकाळी सिमेंट घालून बुजवायचीय. एवढं सांगून तो बाकीच्यांना घेऊन जेवायला मागं गेला. पंप बंद ठेवून चालत नाही, म्हणून पंपवाला थांबला. भाऊजी थांबले म्हणून काडी थांबला.

"जाऊ दे," पंपवाला म्हणाला. "मुकादम बोंबलेल."

तो वळला. दोन पावलं गेला. मी आजही त्या दोन पावलांचा विचार करतो. तिसरं टाकलं असतं तर माझ्यावर सिमेंट पडलं असतं, मी परत अंधारात गेलो असतो, आणि सगळं नीट राहिलं असतं.

तो परत फिरला.

"मधला पिवळा आहे ना," तो म्हणाला, "तो अख्खा निघेल का रे?"

"तुम्ही म्हणा तर खरं."

पंपवाल्यानं छताकडं पाहिलं. मागं पाहिलं. मग म्हणाला, "घे मग. लवकर."

काडी टेकूच्या पुढं गेला, पोटावर सरकत फटीत शिरला आणि माझ्यासमोर येऊन बसला. त्याचा श्वास माझ्या अंगावर धुक्यासारखा बसायचा आणि तो बाहीनं पुसायचा. छिन्नी माझ्या बैठकीखाली लावून त्यानं हळूहळू ठोके दिले, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या उशाची उशी काढावी तसे. मला एक ओरखडाही आला नाही. मग त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आतली लोकरीची टोपी काढून मला त्यात गुंडाळलं, हेल्मेट पुन्हा चढवलं आणि मला फटीतून बाहेर दिलं.

"दोन्ही हातांनी धरा. लेकरू आहे," तो म्हणाला.

पंपवाल्यानं मला छातीशी धरलं आणि म्हणाला, "चल, ये आता."

"एक मिनिट. ताईसाठी छोटा घेतो. हिरवट आहे, बटणाएवढा."

"राहू दे तो. बाहेर ये."

"आलोच."

आधी नुसती माती ओघळल्यासारखा आवाज आला. पंपवाल्यानं त्याला हाक मारली, त्याच्या खऱ्या नावानं. मग छत खाली आलं.

धुळीत काही दिसत नव्हतं. पंपवाला मागं फेकला गेला होता आणि मी त्याच्या हातात तसाच होतो. तो मला न सोडता एका हातानं दगड उपसत होता. माणसं धावत आली, पहारी आल्या, घमेली आली. चार तास लागले. त्यातल्या कुठल्या तरी क्षणी त्यानं मला डब्याच्या पिशवीत कोंबलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. पिशवीच्या अंधारात मी टोपीचा घामट वास घेत पडून होतो. काडीला बाहेर काढल्यावर भुयारात एकदम जी शांतता झाली, तिच्यावरूनच मला कळलं.

चौकशीसाठी एक साहेब घरीही आले होते. मी तेव्हा तिथंच होतो, पलंगाखाली, पिशवीत. साहेबांनी विचारलं की शेवटच्या टेकूच्या पुढं जायची मनाई असताना मयत पुढं का गेला.

पंपवाला म्हणाला, "मी मागं होतो, साहेब. पंपापाशी. मला दिसलं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं.

काही आठवड्यांनी पत्र आलं. त्याच्या बायकोनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण म्हातारीची नजर जात चालली होती. पत्रात लिहिलं होतं की सदर कामगार वरिष्ठांचा हुकूम मोडून स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू पावला. ऐकून म्हातारीनं ते पत्र हातात घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "लहानपणापासून सांगत आले, पुढं पुढं करू नकोस म्हणून. ऐकलं नाही मेल्यानं."

पंपवाला तिथंच बसलेला होता. मूग गिळून.

त्या रात्री त्यानं मला पिशवीतून काढलं, टोपी बाजूला केली आणि कपाटाच्या अगदी खालच्या खणात, मागच्या बाजूला ठेवलं. गादी नाही. क्रमांक नाही. चिठ्ठी नाही. टोपी त्यानं सासूला नेऊन दिली आणि ती कामावरच्या कपाटात सापडली असं सांगितलं. त्यानंतर भुयाराचं काम आणखी चार वर्षं चाललं, पण त्या घरात एकही नवीन दगड आला नाही.

मुलगा गेल्यावर म्हातारीला एकटीला कुठं ठेवणार? लेकीनं तिला आपल्याकडं आणलं. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत शिवणयंत्र, कपाट आणि म्हातारीची खाट.

दोनेक वर्षांत तिला अजिबात दिसेनासं झालं. दिवसभर करायचं काय? लेकीनं तिच्या हातात एकेक दगड द्यायला सुरुवात केली, नुसता वेळ जायला. म्हातारीला ते आवडलं. ती बोटांनी दगड चाचपायची आणि म्हणायची, हा खडीसाखर, हा कोबीचा गड्डा, हा तर आमच्या शेजारणीचा स्वभाव, सगळीकडून टोचतो. लेक हसायची. त्या घरात तेवढंच हसू उरलं होतं.

एके दुपारी लेक बाजारात गेली असताना म्हातारीनं आपणच खण चाचपत खालचा खण उघडला. तिचा हात आतपर्यंत गेला आणि माझ्यावर येऊन थांबला.

तिनं मला बाहेर काढलं. मांडीवर घेतलं. माझ्या कडांवरून, माथ्यावरून, त्या साखरेवरून तिची बोटं फिरत राहिली. लेक आल्यावर तिनं विचारलं, "हा कुठला गं? हा आधी कधी दिला नाहीस."

लेकीनं पाहिलं. "यांनी ठेवलाय. याला चिठ्ठीच नाही."

"मग मला राहू दे."

संध्याकाळी पंपवाला कामावरून आला आणि दारातच थबकला. सासूच्या मांडीवर मी होतो. तिनं पावलं ओळखली. "जावईबापू, हा दगड मला देऊन टाका," ती म्हणाली. "बाकीचे गार लागतात. हा नाही लागत."

दगड सगळे सारखेच गार असतात हो. मी मांडीवर होतो म्हणून ऊब लागली असेल. पण ते सांगायला मला तोंड नाही. आणि ज्याला होतं तो म्हणाला, "घ्या ना, आई. तुमचाच आहे."

त्यापुढची नऊ वर्षं मी म्हातारीच्या हातात काढली. सकाळी ती खिडकीशी उन्हात बसायची, मी मांडीवर. दुपारी उशाशी. ती माझ्याशी बोलायची, म्हणजे स्वतःशीच. बोलणं बहुतेक एकच. का गेला पुढं? काय ठेवलं होतं तिथं? मुकादमानं सांगितलं होतं ना? बरोबरची दहा माणसं थांबली, यालाच कसली घाई? आधी ती रडत विचारायची. पुढं पुढं रागानं. शेवटच्या वर्षांत तर ती मुलाचं नाव निघालं की म्हणायची, "बेफिकीर होता. त्याला आईचीही फिकीर नव्हती."

कामावरचं कुणी भेटायला आलं की तीच विचारणा. ते बिचारे मान हलवायचे. पंपवाला चहा आणायच्या निमित्तानं उठून आत जायचा.

तो दुष्ट नव्हता. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही, जे पाहिलं ते सांगतो. म्हातारीला न्हाणीपर्यंत तोच धरून न्यायचा. तिची नखं तोच कापायचा. कितीदा तरी दुपारी, लेक यंत्रावर असताना, तो खाटेजवळ येऊन बसायचा, तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "आई." ती म्हणायची, "काय हो?" मग तो म्हणायचा, "काही नाही. पाणी हवंय का?" इतकं पाणी त्या म्हातारीनं उभ्या आयुष्यात प्यायलं नसेल.

भुयार पुरं झालं. पाणी सुटलं. घरातल्या नळाला सकाळी धो धो धार लागायची आणि ती ऐकून म्हातारी तोंड फिरवायची.

मग एका थंडीत ती गेली. मी तिच्या उशाशी होतो. जाताना कुणाचं नाव घेतलं नाही.

महिनाभरानं लेक आईचे कपडे आवरत होती. मला तिनं पुसलं आणि नवऱ्यापुढं टेबलावर ठेवलं. "याला आता तरी चिठ्ठी लिहा," ती म्हणाली. "आईचा जीव होता याच्यावर. मी गादी शिवते. मखमलीचा तुकडा ठेवलाय कधीचा."

पंपवाल्यानं चिठ्ठी घेतली. पेन घेतलं. क्रमांक लिहिला. दगडाचं नाव लिहिलं. खोली लिहिली. मग तारखेपाशी त्याचा हात थांबला. मला वाटतं त्याला दुसरी कुठलीही तारीख लिहिता आली असती. कुणाला कळणार होतं? पण इतक्या वर्षांत त्यानं चिठ्ठीवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्यानं खरी तारीख लिहिली.

बायको गादीचं माप घ्यायला वाकली होती. तिची नजर चिठ्ठीवर गेली.

"ही तारीख?" ती म्हणाली.

त्यानं पेन खाली ठेवलं.

"अहो, ही त्याची तारीख आहे."

मग त्यानं सांगितलं. सगळं, ओळीनं. मुकादमाचं बजावणं, फट, टॉर्च, आपली दोन पावलं. 'घे मग' म्हटलेलं. बटणाएवढा हिरवट दगड, तोही सांगितला. तो माझ्याकडं बघून सांगत होता, तिच्याकडं नाही.

ती खुर्चीवर बसली. हातातली कापडाची पट्टी तिनं बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शेवटी एकच विचारलं.

"आईला का नाही सांगितलंत?"

"त्या हा मांडीवर घेऊन बसायच्या. कसं सांगू?"

"मी रागावले असते. आईही रागावली असती. कदाचित तुमचं तोंड पाहिलं नसतं तिनं." तिचा आवाज चढला नव्हता. "पण पोराला दोष देत मेली नसती."



तिनं चिठ्ठी त्याच्यापुढं सरकवली. "पुरी करा."

'वर : शाळेचं मैदान,' त्यानं लिहिलं.

"आणखी लिहा. कुणी काढला ते."

त्यानं काडीचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"पुढं कसा गेला ते."

अक्षर तिरकं गेलं. त्यानं लिहिलं, 'टेकूच्या पुढं तो आपणहून गेला नाही. मी सांगितलं म्हणून गेला.' खाली सही केली.

तिला एवढ्यानं पुरलं नाही. ते पत्रही बदलून घ्यायचं, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघं कचेरीत गेली. काय झालं ते मला परत आल्यावरच्या बोलण्यातून कळलं. खोदकाम करणारी कंपनी केव्हाच गुंडाळलेली. ज्या खात्यानं चौकशी केली तिथल्या कारकुनानं दोघांना बसवलं, पाणी दिलं, रजिस्टर पाहिलं आणि सांगितलं की एवढी जुनी फाइल आता ठेवत नाहीत, नष्ट केली. मग बदलायचं कशात? त्यानं चांगुलपणानं हेही सांगितलं की आता त्या पत्राला काही अर्थ राहिलेला नाही. तिनं पत्र पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवलं होतं. ते तिला परत घ्यावं लागलं.

त्यानंतर सहा वर्षं ते दोघं एका घरात राहिले. ती त्याला वेळेवर वाढायची, त्याचे कपडे धुवायची, औषधं द्यायची. भुयारातली धूळ त्याच्या फुफ्फुसांत बसली होती. खोकला लागला की ती पाठ चोळायची. कामापुरतं बोलायची. माझी गादी तिनं शिवली, पण त्याला कधी ती दाखवली नाही, नुसती माझ्याखाली सरकवून ठेवली. तिनं त्याला माफ केलं का? मी एकाच खोलीत होतो, तरी मला सांगता येणार नाही. शेवटच्या दिवशी ती त्याचा हात धरून बसली होती. बोलत मात्र नव्हती.

तो गेल्यावर एका कॉलेजातल्या भूशास्त्राच्या बाई घरी आल्या. कुणाकडून तरी त्यांना कपाटाबद्दल कळलं होतं. त्यांनी खण उघडले, चिठ्ठ्या वाचल्या आणि त्या जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, भुयाराला आतून सिमेंटचं अस्तर लागलंय, त्यातून आता पाणी वाहतंय. या शहराच्या पोटात काय होतं ते पुन्हा कुणालाच पाहता येणार नाही. जे आहे ते एवढंच, या एकोणीस खणांत.

शेवटच्या खणात त्यांना मी सापडलो. माझी चिठ्ठी त्यांनी वाचली. पुन्हा वाचली.

"हा आमच्या सगळ्यांत दर्शनी भागात ठेवावा असा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण ही चिठ्ठी… मी छापील दुसरी करते. नाव, खोली, एवढंच. ही लोक वाचतील."

"लोकांनी वाचावी म्हणूनच लिहून घेतलीय," पंपवाल्याची बायको म्हणाली.

बाईंनी तीच चिठ्ठी ठेवायचा शब्द दिला आणि पाळला. आज मी त्या कॉलेजच्या लांब ओसरीत, काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर आहे. चिठ्ठी माझ्यापुढं उभी केलेली आहे. मुलं-मुली वर्गाला जाता-येता बघतात. बहुतेक जण म्हणतात, "काय सुंदर आहे ना," फोटो काढतात आणि जातात. फोटोत चिठ्ठी सहसा येत नाही. कधी एखादी मुलगी खाली वाकून वाचते, मग पुढं जाताना तिची चाल हळू होते. तेवढ्यावर मी आठवडा काढतो.

सुरुवातीला काडीची बहीण यायची. दर दोन-तीन महिन्यांनी, पिशवी हातात घेऊन. काचेपुढं उभी राहून चिठ्ठी अक्षर अक्षर वाचायची, जणू कुणी त्यात काही बदललं नाही ना हे तपासतेय. एकदा शिपायानं विचारलं, "कुणी तुमचं होतं का?" ती म्हणाली, "भाऊ. फार काळजीनं काम करायचा." हे ती कुणा परक्याला सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता तिला येऊन चार वर्षं झाली. भूशास्त्राच्या बाई निवृत्त झाल्या. ओसरीच्या खिडकीतून दुपारी ऊन येतं. मला त्याचा त्रास नाही, मी उन्हात आणखी चमकतो. त्रास चिठ्ठीला आहे. पेनाची शाई ती. क्रमांक उडाला, तारीख उडाली. शाळेचं मैदान अर्धं गेलंय. सगळ्यांत खालची ओळ आधीच फिकी होती, ती तर तिरकं बघितलं तरच दिसते.

कधी या बाजूला आलात तर थोडे वाका. तुमच्या खिशात पेन असेल. शिपाई भला माणूस आहे, किल्ली देईल. जमेल तसं गिरवा. अक्षर तुमचं आलं तरी चालेल, क्रमांक चुकला तरी चालेल. काडीचं नाव मात्र पूर्ण लिहा. आणि शेवटच्या ओळीतले 'मी सांगितलं म्हणून' हे तीन शब्द गाळू नका.